सिग्नलवरून निघताना निळा धूर: टर्बो उतरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. २०१४ ची १.३ लिटर टर्बो डिझेल गाडी, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. सातारा-पुणे नेहमीचं जाणंयेणं. पुण्यात सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये तीन-चार मिनिटं उभी राहून निघाली की मागे निळसर धुराचा लोट, इतका की मागचा स्कूटरवाला नाकाला रुमाल लावतो. शंभर-दोनशे मीटरवर धूर बंद. हायवेला काही नाही, पिकअपही ठीक. हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑइल कमी होतं. एका गॅरेजने टर्बो बदलायला सांगितला, खर्च ४२ हजार. दुसरा म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन खोलून रिंगा-बेअरिंग बदला. कोणाचं ऐकू?

इतक्यात कोणाचंच ऐकू नका. दोघांनीही धूर पाहिला आणि भाव सांगितला, मध्ये काहीच उघडून बघितलं नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात मी चोवीस वर्षं हेच काम करतोय आणि माझ्याकडे 'टर्बो गेलाय' म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये टर्बो खरंच स्वतःहून मेलेला कमी वेळा निघतो. बहुतेक वेळा त्याला दुसऱ्याच कशाने तरी मारलेलं असतं. ते कारण तसंच ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही सहा महिन्यांत धूर काढायला लागतो, आणि मग मेकॅनिक 'पार्ट डुप्लिकेट होता' म्हणून मोकळा होतो.

तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाची गोष्ट रंग नाही, वेळ आहे. उभी राहून निघाल्यावर, आणि लगेच बंद. निळा म्हणजे ऑइल जळतंय हे कोणीही सांगेल. पण रिंगा गेलेली गाडी चढाला, लोडला, सतत धूर काढते. पुण्याहून परत येताना खंबाटकी चढताना आरशात काही दिसत नसेल तर रिंगांवरचा माझा संशय बराच खाली येतो. व्हॉल्व सील गेलेली असतील तर रात्रभर उभी राहिल्यावर सकाळच्या पहिल्या स्टार्टला भपकारा येतो, कारण ऑइल रात्रभर गाइडमधून थेंब थेंब खाली उतरलेलं असतं. पेट्रोल गाडीत एक्सलरेटर सोडून उतार उतरताना सील ऑइल ओढतात, कारण थ्रॉटल बंद असताना आत जोराचं व्हॅक्यूम तयार होतं. तुमच्या डिझेलमध्ये तसं व्हॅक्यूम नसतं, म्हणून पेट्रोलचे नियम इथे लावू नका. उभी असताना ऑइल साठणं आणि निघताना ते एकदम जळणं, हे टर्बोच्या बाजूचं लक्षण आहे. म्हणजे पहिल्या गॅरेजचा अंदाज अर्धा बरोबर आहे. ऑइल बहुधा टर्बोमधूनच येतंय. प्रश्न असा की का येतंय?

यासाठी टर्बोच्या पोटात काय चालतं ते समजून घ्यावं लागेल. टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरचे दोन पंखे: एक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर फिरतो, दुसरा, म्हणजे कॉम्प्रेसर, इंजिनात हवा कोंबतो. इतक्या लहान इंजिनचा टर्बो पूर्ण जोरात असताना मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. त्या वेगाला रबरी ऑइल सील टिकणं शक्य नाही. त्यामुळे शाफ्टच्या दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक लोखंडी रिंगा असतात आणि त्या काही पाणबंद झाकण नव्हेत. ऑइल आत राहतं ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे. दोन्ही बाजूंच्या हाऊसिंगमध्ये हवेचा आणि गॅसचा दाब जास्त असतो, तो ऑइलला आत ढकलून धरतो. आणि मधल्या भागातलं ऑइल साठून न राहता लगेच खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, गळून जातं, निव्वळ स्वतःच्या वजनाने. तिथे कुठला पंप नाही.

आता आयडलला काय होतं बघा. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, नाही, सायलेन्सरकडचा दाब नगण्य, म्हणजे बाहेरून धरून ठेवणारा दाब गेला. ऑइलचा पंप मात्र ऑइल पाठवतच असतो. अशा वेळी खाली जायची वाट जरा जरी अडलेली असली तर ऑइल मधल्या भागात चढतं आणि रिंगांच्या कडेने बाहेर पडतं. तुम्ही गिअर टाकून निघालात की साठलेलं ऑइल जळतं आणि लोट उठतो. यात टर्बोचं काहीच बिघडलेलं नाही. मोरी तुंबली तर न्हाणीघरात पाणी साठतं, त्यासाठी कोणी नळ बदलत नाही.

म्हणून सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी ते ऑइल काढा. 'ऑइल कमी होतंय' म्हणून दर आठवड्याला वरून ओतणारे लोक मी खूप बघितलेत. क्रँक त्या जादा ऑइलला घुसळतो, फेस करतो, आणि तो फेस ब्रीदरवाटे, म्हणजे चेंबरमधला गॅस बाहेर सोडणाऱ्या पाईपवाटे, थेट टर्बोच्या तोंडात जातो. मग एअर फिल्टर. उसाच्या सीझनमध्ये आमच्याकडच्या गाड्यांचे फिल्टर इतके चोंदलेले असतात की टर्बोला हवा ओढायला मारामार होते, कॉम्प्रेसरच्या मागे व्हॅक्यूम तयार होतं आणि ते ऑइलला बाहेर खेचतं. साडेतीनशे-चारशे रुपयांचा फिल्टर आहे, संशयसुद्धा ठेवू नका, बदलून टाका.

त्यानंतर ब्रीदर. टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणावरून, एक पाईप टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाईपला येतो. पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली निसटणारा गॅस त्यातून बाहेर जातो. तो पाईप किंवा आतली ऑइल वेगळी करणारी जाळी गाळाने चोंदली की चेंबरमध्ये दाब साठतो. आणि टर्बोचं ऑइल ज्या चेंबरमध्ये गळायचं तिथूनच उलटा दाब येत असेल तर ते गळणार कसं? पाईप काढा, डिझेलने धुवा, फुंकून बघा. आतून सोललेला किंवा चपटा झालेला असेल तर नवा घाला.

आता ऑइल फिलर कॅपची ती प्रसिद्ध चाचणी. इंजिन गरम, आयडलला, कॅप काढून उलटी ठेवायची. कॅप थरथरते, थोडी वाफ येते, एवढ्यावर 'बॅक कंप्रेशन मारतंय, इंजिन गेलं' असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. डिझेलमध्ये थोडी धडधड असतेच. कॅप उडून पडत असेल, डिपस्टिक आपोआप वर येत असेल, धूर भसाभसा येत असेल, तर मात्र गांभीर्याने घ्या. मी स्वतः पारदर्शक नळी इंग्रजी यू-सारखी वाकवून, त्यात पाणी भरून डिपस्टिकच्या भोकाला लावतो. पाणी किती सरकतं ते ब्रीदर जोडलेला असताना आणि साफ केल्यावर, असं दोनदा बघतो. पन्नास रुपयांचं यंत्र आहे, पण गिऱ्हाईकाला डोळ्यांनी दिसतं, वाद होत नाही.

एवढं करून धूर राहिला तर ओलीचा माग काढायचा. माझं अर्धं निदान या एका कामात होतं. चार जागी बोट लावून बघायचं. पहिली जागा टर्बोच्या आधीचा हवेचा पाईप. तिथेच ऑइल निथळत असेल तर ते ब्रीदरमधून येतंय, टर्बोचा काही संबंध नाही. दुसरी जागा टर्बोनंतर इंटरकूलरला, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरला, जाणारा पाईप. इथे पातळ ओशट थर असणारच, ब्रीदरची वाफ तिथूनच जाते, त्याला घाबरू नका. पण पाईप उलटा केल्यावर धार लागली किंवा इंटरकूलरमधून कपभर ऑइल निघालं, आणि पहिली जागा मात्र कोरडी असली, तर कॉम्प्रेसरच्या बाजूने गळती आहे.

तिसरी आणि चौथी जागा सायलेन्सरच्या बाजूला, आणि हे काम आळसामुळे कोणी करत नाही. नट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर स्टड तुटेल आणि दोन तासांचं काम दोन दिवसांचं होईल. टर्बोच्या बाहेर पडणारं तोंड बघा आणि आत येणारं, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून आणणाऱ्या मॅनिफोल्डकडचं तोंड बघा. मॅनिफोल्ड सुकं, काजळीने कोरडं काळं, आणि बाहेरचं तोंड ओलं चकचकीत असेल तर ऑइल टर्बोतच घुसतंय. मॅनिफोल्डच ओलं असेल तर ऑइल इंजिनमधून आलंय. मग रिंगा, सील, बोअर यांच्याकडे वळायचं, टर्बोला हात लावायचा नाही.

धरा की मॅनिफोल्ड सुकं निघालं. तरीही टर्बोची ऑर्डर देऊ नका. आधी ड्रेन पाईप, म्हणजे टर्बोतलं ऑइल चेंबरला परत नेणारा पाईप, काढून उजेडाकडे धरा. टर्बोला ऑइल आणणारा पाईप बारीक असतो आणि परत नेणारा चांगला बोटभर जाड. कारण आत जाताना ऑइल ऑइल असतं, बाहेर पडताना त्या वेगाने घुसळून फेसाळ ताक झालेलं असतं, त्याला जागा जास्त लागते. इंजिन गरमच्या गरम बंद करायची सवय असेल तर याच पाईपात ऑइल जळून कोळशासारखं चिकटतं आणि बोटभर वाट पेन्सिलएवढी होते. रबरी तुकडा असेल तर तो बाहेरून टवटवीत आणि आतून फुगलेला असू शकतो.

इथे माझीच एक फजिती सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हाची. एका गुऱ्हाळवाल्या पाटलांच्या जीपला मी रीकंडिशन टर्बो बसवला. महिन्याभरात धूर. विकणाऱ्याशी भांडून दुसरा आणला, बसवला, पुन्हा तेच. पाटील सज्जन माणूस, दर खेपेला गुळाची ढेप घेऊन यायचे आणि मला आणखीच लाज वाटायची. तिसऱ्यांदा उतरवला तेव्हा माझे वस्ताद शेजारी येऊन उभे राहिले, ड्रेनच्या फ्लँजमध्ये बोट घातलं आणि लाल सिलिकॉनची एक गोळी बाहेर काढली. पॅकिंग मिळालं नाही म्हणून मी सिलिकॉन लावलं होतं, भरपूर. बोल्ट आवळल्यावर ते आतल्या बाजूला दाबलं गेलं आणि अर्धी वाट बंद झाली. दोन्ही टर्बो चांगले होते. तेव्हापासून टर्बोच्या ऑइल लाइनला माझ्या गॅरेजमध्ये सिलिकॉनची ट्यूब फिरकत नाही. मूळ पॅकिंग मिळत नसेल तर पॅकिंगच्या कागदातून कापून घ्यायचं.

ड्रेन साफ, ब्रीदर साफ, फिल्टर नवा, तरी गळती आहे, तेव्हा शाफ्ट हलवून बघायचा. बोटाने बाजूला हलवला तर किंचित हलतो, तो हलायलाच हवा. त्याचं बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं, इंजिन बंद असताना तो थर नसतो. 'बघा साहेब, प्ले आहे' म्हणून गिऱ्हाईकाला घाबरवण्याचा हा खेळ बाजारात जोरात चालतो. बघायचं ते पंख्याची पाती हाऊसिंगला घासली आहेत का, आणि शाफ्ट पुढे-मागे ढकलल्यावर हाताला खट् असं जाणवतं का. दोन्हींपैकी एक असेल तर टर्बो संपला, यात दुमत नाही. बऱ्याचदा मधला कोअर, म्हणजे शाफ्ट, पंखे आणि बेअरिंगचा भाग, बदलून भागतं, पूर्ण टर्बो लागत नाही. मात्र कोअर बॅलन्स करून दिल्याचा कागद मागा. बॅलन्स न केलेला कोअर पहिल्याच दिवशी ॲम्ब्युलन्ससारखा ओरडतो.

आणि मॅनिफोल्ड ओलं निघालं तर? हाफ इंजिनला होकार देण्याआधी कंप्रेशन मोजून घ्या. डिझेलचा गेज वेगळा, हीटर प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) जागी लागणारा. चांगल्या इंजिनला ४०० पीएसआयच्या आसपास मिळतं, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एखादाच पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्याची चौकशी. पेट्रोलमध्ये सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात, ती युक्ती डिझेलला लावू देऊ नका. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर जागाच इतकी थोडी उरते की टाकलेल्या ऑइलनेच कंप्रेशन वाढलेलं दिसतं. त्याऐवजी सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून ती कुठून फुसफुसते ते ऐकावं. फिलर कॅपमधून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व.

अजून एक स्वस्त प्रयोग तुम्ही स्वतः करू शकता. ब्रीदरचा पाईप टर्बोच्या पाईपवरून काढायचा, टर्बोच्या पाईपाचं भोक नीट बंद करायचं, आणि ब्रीदरचं टोक एका प्लास्टिकच्या बाटलीत सोडायचं. बाटलीला हवा जायला मोठं भोक ठेवा, नाहीतर चेंबरमध्ये दाब साठून भलतंच होईल. बाटली गरम भागापासून लांब बांधा. असंच दोन दिवस शहरात चालवा. धूर गेला आणि बाटलीत ऑइल जमलं तर चोर सापडला. धूर तसाच असेल तर ब्रीदर निर्दोष. प्रयोग झाल्यावर पाईप पूर्ववत जोडा.

टर्बो बदलायचीच वेळ आली तर कामाच्या यादीत या गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको. ऑइल, फिल्टर नवे. ऑइल आणणारा पाईप आणि त्याचा बँजो बोल्ट (ऑइल ज्यातून जातं तो पोकळ बोल्ट) नवा, कारण काही बोल्टांत बारीक जाळी असते आणि ती चोंदली की नवा टर्बो कोरडाच फिरतो. चेंबर उतरवून पंपाची जाळी साफ. इंटरकूलर काढून धुवायचा, हे मी हात जोडून सांगतो. आणि बसवल्यावर टर्बोच्या भोकात ऑइल घालून, इंजिन चालू होऊ न देता काही सेकंद नुसतं स्टार्टरने फिरवायचं, ऑइलचा दाब आल्यावरच स्टार्ट.

इंटरकूलरवर इतका जोर का, तर त्यात साठलेलं ऑइल डिझेल इंजिनला इंधनासारखं चालतं. एकदम आत गेलं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं, किल्ली काढली तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो. असं कधी झालं तर, आणि ऑइल खाणाऱ्या कुठल्याही टर्बो डिझेलला ते होऊ शकतं, ब्रेक पूर्ण दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच झटक्यात सोडा. इंजिन मान टाकेल. बॉनेट उघडून फडकं किंवा हात हवेच्या तोंडाला लावायला जाऊ नका. फडकं आत जातं, बोटं पण जातात. ऑटोमॅटिक असेल तर उतरून लांब उभं राहा.

बाकी रंगांचं थोडक्यात, कारण तुमचा तो प्रश्न नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इंटरकूलरचा पाईप फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो, पिकअप पडतो आणि काळा धूर येतो. साबणाचं पाणी लावून रेस केली की बुडबुडे दिसतात. पाईप शाबूत असेल तर अडकलेला ईजीआर व्हॉल्व (जळालेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा), मग डिझेल फवारणारं नोझल. पांढऱ्या धुराला वास घ्या. डोळे चुरचुरले तर न जळलेलं डिझेल, म्हणजे हीटर प्लग किंवा टपकणारं नोझल. गोडसर वास आणि कूलंट कमी होत असेल तर हेड पॅकिंग. पण ईजीआर कूलर असलेल्या गाडीत आधी तो तपासा, त्याच्या गळतीपायी चांगली हेड खोललेली मी बघितली आहेत. थंडीत सकाळी पाच मिनिटं निघणारी वाफ हा धूर नव्हे, त्याच्यासाठी पैसे देऊ नका. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी पकडणारा फिल्टर, असल्यामुळे धूर सहसा दिसत नाही, म्हणून ऑइल कमी होण्याकडे किंवा उलट वाढण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या गाडीत तो प्रकार नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. धूर लपवायला कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल भरू नका. थंड स्टार्टला ते टर्बोपर्यंत उशिरा पोचतं आणि आज नुसता गळणारा टर्बो उद्या जाम होतो. आणि 'धूर बंद' लिहिलेल्या बाटल्या किंवा इंजिन फ्लश यांत पैसे घालू नका. इतकी किलोमीटर झालेल्या इंजिनात फ्लशने सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवरच जाऊन बसतो.

माझ्या अंदाजाने तुमचं काम फिल्टर, ब्रीदर, ड्रेन पाईप, ऑइल आणि इंटरकूलर धुण्यात, मजुरी धरून सहा-सात हजारांत आटोपायला हवं. दुरुस्तीनंतर लगेच धूर थांबला नाही तर घाबरू नका, सायलेन्सरच्या पोटात मुरलेलं ऑइल जळून जायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात. त्यानंतर डिपस्टिकवर खूण करून पुढचे हजार किलोमीटर मोजा. घाट चढून ढाब्यावर थांबलात तर मिनिटभर आयडल करून मगच किल्ली फिरवा, म्हणजे ड्रेनमध्ये पुन्हा कोळसा व्हायचा नाही.

शनिवारी गाडी लावा, आणि मेकॅनिक सायलेन्सरकडचे नट सोडवत असेल तेव्हा समोर उभे राहा. मॅनिफोल्ड सुकं निघालं की ओलं, तेवढं मला कळवा. पुढचं त्यावर ठरवू.